अकरा खुंट्या

१ फेब्रुवारी २०२३, बुधवार

डबा आला! थर्माकोलमध्ये बसवलेला, बुटाच्या खोक्याएवढा. आणि हा म्हणे आमच्या म्हातारीची जागा घेणार!

म्हातारी म्हणजे कंट्रोल केबिनमधला जुना मिनिकम्प्युटर. कपाटाएवढा, १९८६ सालचा, पुढच्या पट्टीवर सोळा खटके आणि लाल दिव्यांची रांग. भट्टीचा गॅस, हवा, तापमान, सगळं तीच पाहते. सत्तावीस वर्षं मी तिच्यापाशी बसते आहे. आई म्हणते, तुझं लग्न ह्या मशीनशीच लागलं. लागलं असेल. नवऱ्यासारखी तक्रार तरी करत नाही.

पण आता तिचे सुटे भाग मिळत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एक कार्ड जळालं, तर जामुलच्या भंगारवाल्यांकडे चार दिवस फिरले तेव्हा कुठे तसलं दुसरं सापडलं. म्हणून मॅनेजर साहेबांनी नागपूरच्या एका छोट्या कंपनीकडून हा डबा मागवला. आत साधा कम्प्युटर, आणि त्याच्यावर म्हातारीचं सोंग घेणारा प्रोग्राम. तिच्यावर चालणारं सगळं ह्याच्यावर एक अक्षर न बदलता चालेल म्हणतात.

चालेल. आणि नाही चाललं तर? गॅसचा भोंगा त्याच प्रोग्राममध्ये आहे. तेवढा भाग पूर्ण माझा, मी लिहिलेला. आमच्या भट्टीचा गॅस कोळशापासून निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस बसल्या जागी कलंडतो. आणि वर प्लॅटफॉर्मवर नरेश असतो. माझा धाकटा भाऊ.

मला भीती वाटते. हे ऑफिसात बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

डब्याबरोबर एक मुलगी आली आहे — मोनाली. सव्वीस-सत्तावीसची. पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायात सेफ्टी शूज दोन नंबर मोठे. घरी मराठी बोलत असणार, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं.

विचारलं, कम्पॅटिबल म्हणजे नक्की किती? "हंड्रेड परसेंट, मॅडम. इन्स्ट्रक्शन सेट पूरा का पूरा उतरवला आहे, एक भी छोडा नहीं."

हंड्रेड परसेंट म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

मशीनला आपण जे हुकूम देतो ते म्हणजे नुसते आकडे. हा आकडा — बेरीज कर. तो आकडा — तिकडे जा. कोणत्या आकड्याला कोणता हुकूम, ही यादी, म्हणजेच इन्स्ट्रक्शन सेट, पूर्वी प्रत्येक मशीनची वेगळी असायची. माझे पहिले साहेब भय्याजी सांगायचे. तरुणपणी ते एका मोठ्या मेनफ्रेमवर कामाला होते. खोलीभर मशीन, तिला थंड ठेवायला दुसरी खोलीभर मशीन! तिथे नवीन मेनफ्रेम आली आणि तिची यादीच निराळी. पाच माणसांची दोन वर्षांची मेहनत एका दिवसात रद्दी. मग कंपन्यांना शहाणपण आलं. लहान मशीन, मोठं मशीन, एकाच घराण्यातलं, सगळ्यांना एकच यादी. मशीन बदला, प्रोग्राम तोच ठेवा. मिनिकम्प्युटरवाल्यांनीही तेच केलं. म्हातारी अशाच एका घराण्यातली धाकटी. परदेशी घराणं, पण ही इकडे बनलेली, त्याच हुकमांवर.

भय्याजी म्हणायचे, "यादी एक असली म्हणून वागणूक एक असते असं नाई, कांता. सख्ख्या बहिणी पाहून घे."

६ फेब्रुवारी, सोमवार

दहा वाजता भोंगा. दर सोमवारी मीच बटण दाबते. अख्ख्या कारखान्यात ऐकू येतो, बाहेर चहाच्या टपरीवरसुद्धा. लोक घड्याळं लावतात त्याच्यावर! वहीत सही केली — भोंगा ठीक.

मोनालीने कान झाकले होते. हसले मी.

७ फेब्रुवारी, मंगळवार

रमाईंची जयंती. अर्धी सुट्टी घेतली. विहारात आईने पांढरी साडी नेसून सगळ्यांना खीर वाढली. गुडघे दुखतात, पण वाढायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मरोदा वस्तीतल्या तीन बायकांना पुन्हा तेच ऐकवलं — "माही पोरगी आपल्या समाजातली पहिली कम्प्युटरवाली. ते अख्खी भट्टी चालवते." भट्टी मी कुठे चालवते! पण आईला काय सांगणार.

नोकरीला लागले तेव्हा केबिनमध्ये दोघे-तिघे होते, माझ्या चुकीची वाट पाहत बसलेले. एक तर तोंडावर म्हणाला होता, देखते हैं मेश्राम मॅडम कितने दिन टिकती है. तो गेला रिटायर होऊन. मी टिकले. चूक सापडली नाही त्यांना.

घरी येताना नरेश म्हणाला, "ताई, नवा डबा लवकर बसवा ना. तू म्हातारीले कावून धरून बसली?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच धरून बसले आहे. तो पुढे चालू लागला. अनुजा म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, हे आजकाल असेच करून राहिले." अनुजा त्याची बायको. नवऱ्याची बाजू घ्यायची की नणंदेची, हे तिला अठरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मोनालीला खुंट्यांचं सांगावं लागलं. सांगताना लाज वाटली थोडी. घरातलं उष्टं-खरकटं पाहुण्याला दाखवल्यासारखी.

यादीत नसलेला आकडा समोर आला तर पुस्तकाप्रमाणे मशीनने थांबायला हवं. आमची म्हातारी थांबत नाही. ऐकलंच नाही असं करते आणि पुढच्या हुकमावर जाते. ही तिची खोड. भय्याजींनी ती कामाला लावली होती. एखादा हुकूम तात्पुरता काढायचा असला — एखादा बर्नर बंद आहे, एखादा मीटर बिघडला आहे — की त्या हुकमाच्या जागी यादीबाहेरचा एक ठरलेला आकडा ठोकायचा. ह्याला आम्ही म्हणतो खुंटी मारणे. "काही करू नको" असा सरकारमान्य हुकूमही असतो, पण तो प्रोग्राममध्ये शेकडो ठिकाणी. त्यात आपण मारलेला कुठला ते कसं कळणार? खुंटी लगेच सापडते. वहीत लिहायचं — कोणी मारली, कधी, कशासाठी. काम झालं की उपटायची आणि उपटल्याची तारीख टाकायची. दर शनिवारी मशीनला विचारायचं, खुंट्या किती? ती आकडा छापते. वहीतल्या आकड्याशी जुळला की सही.

अकरा. किती वर्षं झाली, अकराच. बंद पडलेल्या बर्नरच्या, आता कायमच्याच झालेल्या. भय्याजी रिटायर झाले तरी मी शनिवार चुकवला नाही.

मोनालीने डोळे मोठे केले. "मॅडम, ये तो खतरनाक है! तुमच्या मशीनच्या फॅमिलीत नंतर जे मोठं मॉडेल आलं ना, त्यात ह्या नंबरला मीनिंग आहे. तिथे तो गुणाकार करतो."

आम्ही ज्याला काहीच नाही समजत होतो तो मोठ्या बहिणीच्या घरी हुकूम! उद्या डब्याने खुंटीला गुणाकार समजून भलतंच काही केलं तर? गॅसच्या आकड्यावर गुणाकार झाला तर?

ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ. बॉक्स मी छोट्या मॉडेलवर सेट केला आहे. तुमची खोड पण कॉपी केली. म्हातारीची पूर्ण मेमरी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, जशीच्या तशी."

जशीच्या तशी. पोरीचा आवाज बरा आहे, विश्वास ठेवावा असा. म्हणूनच मी ठेवत नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

खुंट्या अकरा. सही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

भोंगा ठीक. उद्यापासून तीन दिवस भट्टी बंद, वर्षातली दुरुस्ती. तेवढ्यात डबा जोडून पाहायचा. जेवण जात नाही. अनुजाने झुणका केला होता, अर्धी भाकरी खाऊन उठले.

१५ फेब्रुवारी, बुधवार

वाजला नाही.

क्रमाने लिहिते. म्हातारी बंद केली. मीटरच्या आणि भोंग्याच्या तारा डब्याला जोडल्या. अकराच्या सुमाराला नरेश मास्क लावून प्लॅटफॉर्मवर गेला, चाचणीच्या गॅसची छोटी बाटली घेऊन. खाली मी, मोनाली, मॅनेजर साहेब आणि दहा-बारा माणसं. मीटरच्या तोंडाशी त्याने बाटली धरली. स्क्रीनवर आकडा चढायला लागला. तीस. चाळीस. पन्नासला भोंगा वाजायला पाहिजे. साठ. नव्वद. दीडशे. मी घड्याळ पाहत होते. एक मिनिट. दोन. पाच मिनिटं आम्ही सगळे वर तोंड करून उभे, आणि त्या भोंग्यावर एक कबुतर बसलेलं, ते उडालं नाही!

मोनाली कीबोर्डवर भराभर काहीतरी दाबत होती. "सर, एक मिनट... सर, ऐसा नहीं होना चाहिए..."

मॅनेजर साहेबांनी एवढंच म्हटलं, "ये आदमी मारेगा."

नरेश खाली उतरला, मास्क काढला. सगळे मोनालीकडे पाहत होते, तो माझ्याकडे पाहत होता. भावाला बहिणीची काळजी कळते, तसंच असेल.

आणि मला — लिहूनच टाकते — मला आनंद झाला. आतून उकळी फुटावी तसा. माझी भीती खरी निघाली! मी वेडी नव्हते. खरी चाचणी घ्या म्हणून मी अडून बसले नसते तर हा डबा तसाच बसला असता आणि एक दिवस नरेश वरून उतरलाच नसता.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट दिला. दोन पानं. शेवटचं वाक्य माझंच आहे, पाठ झालं आहे — "सदर उपकरणाचा इन्स्ट्रक्शन सेट मूळ संगणकाशी पूर्णतः सुसंगत नाही, सबब ते मानवी जीवितास धोकादायक आहे." साहेबांना हिंदीत हवा होता म्हणून पुन्हा सगळं हिंदीत.

नक्की कोणता हुकूम चुकला ते मी शोधलं नाही. प्रोग्रामचा छापील कागद काढून तासभर पाहिलं असतं तर कळलं असतं. गरजच काय? चुकला ते दहा जणांनी पाहिलं.

मोनाली दुपारी केबिनमध्ये आली. रडलेली दिसत होती. "मॅडम, मी सगळे हुकूम एकेक करून टेस्ट केलेत. एक रिक्वेस्ट आहे. बस एक बार. हीच बाटली जुन्या मशीनवर लावून पाहू. भट्टी उद्या सुरू होईल, मग कोणी करू देणार नाही."

मॅनेजर साहेब मागेच उभे होते. हसले. "पुराना तो हर सोमवार बजता है, बेटा."

मीही हसले.

संध्याकाळी नरेशने विचारलं, रिपोर्टात काय लिहिलं? सांगितलं. तो म्हणाला, "त्या पोरीचा काय दोष हाये त्याच्यात?" मी चिडले. म्हटलं, जीव तुझा जात होता आणि तुला दया त्या पोरीची येते?

१८ फेब्रुवारी, शनिवार

म्हातारी पुन्हा सुरू. लाल दिवे पाहून जीव भांड्यात पडला. खुंट्या अकरा. सही.

२० फेब्रुवारी, सोमवार

दहाला बटण दाबलं. भोंगा वाजला. आणि बोट बटणावर असतानाच नजर भिंतीवर गेली.

बटणाची तार. भिंतीवरून सरळ वर जाते, भोंग्याला. म्हातारीकडे येतच नाही.

मला हे माहीत नव्हतं का? होतं! त्या तारेखाली बसून सत्तावीस वर्षं डबा खाल्ला मी. सोमवारी आम्ही पाहतो ते इतकंच की भोंग्यात दम आहे. गॅस आल्यावर म्हातारी त्याला हाक मारते की नाही, हे कोणी पाहिलं? मी आठवते आहे. सकाळपासून आठवते आहे. बाटली लावून चाचणी १९९७ मध्ये एकदा घेतली होती, भोंग्याचा भाग लिहून झाल्यावर. तेव्हा वाजला होता. त्यानंतर नाही. भट्टी बंद ठेवून चाचणी कोण करू देतो? आणि सोमवारी तर वाजतोच!

वहीत लिहिलं — भोंगा ठीक. अक्षर वाकडं आलं.

नाही, तसं काही नसेल. उद्या छापील कागद पाहते. एकदा पाहिलं की मन शांत होईल.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली.

भोंग्याच्या भागात, बरोबर मधोमध. आकडा वाच. पन्नासच्या वर आहे का पाहा. असेल तर भोंग्याकडे जा — ह्या "जा"च्या जागी खुंटी. म्हातारी आकडा वाचते, पन्नासच्या वर आहे हे पाहते, खुंटीपाशी येते, ऐकलंच नाही असं करते आणि पुढे जाते. मग पुन्हा आकडा वाचते. कितीही चढू दे.

तीन वेळा पाहिलं. बोट ठेवून. कागद बंद केला, चहा प्यायले, पुन्हा पाहिलं.

मग वही काढली. जुनी, कव्हर फाटलेली. ११ ऑगस्ट १९९८. "भोंगा — मीटरमध्ये धूळ, सारखा खोटा वाजतो. दोन दिवस." मारणाऱ्याचं नाव — कां. दौ. मेश्राम. सुरेख अक्षर होतं तेव्हा माझं. उपटल्याची तारीख — रिकामी.

आठवलं सगळं. दिवसातून आठ-आठ वेळा खोटा भोंगा. लोक वैतागले होते, भय्याजी म्हणाले, मीटर साफ होईपर्यंत मार खुंटी. मी मारली. दुसऱ्या दिवशी घरून निरोप आला, बाबा गेले. पंधरा दिवस मी गावी. परत आले तो शनिवार होता. मशीनला विचारलं, खुंट्या किती? अकरा. वहीत मी जाण्याआधीच्या शनिवारचा आकडा — अकरा. जुळला! मी समजले, माझी भय्याजींनी उपटली.

उपटली होती त्यांनी एक. चार नंबरचा बर्नर त्याच पंधरवड्यात पुन्हा सुरू झाला, त्याची. अकरा होत्या, माझी धरून बारा झाल्या, बारातून ती एक गेली. पुन्हा अकरा. त्यानंतर चोवीस वर्षं दर शनिवारी त्याच अकरावर मी सही करते आहे. आकडा मोजला. कोणत्या ते कधी मोजल्या नाहीत.

डब्याने काहीच चूक केली नाही. म्हातारीची खोड, म्हातारीची खुंटी, सगळं हुबेहूब उतरवलं. म्हातारी गप्प बसली असती तसाच तो गप्प बसला. हंड्रेड परसेंट.

आणि मी लिहून दिलं की तो माणसं मारेल.

नरेश वर आहे. आज पहिली पाळी. हे लिहिताना एक वाजला आहे. तो दोनला उतरेल. मी केबिनमध्ये बसून रोजनिशी लिहिते आहे! उठ. उठ बाई.

२२ फेब्रुवारी, बुधवार

काल खुंटी उपटली. केबिनमध्ये कोणी नव्हतं. सोळा खटके खाली-वर केले, जागेचा पत्ता दिला, जुना हुकूम परत बसवला. लाल दिवे एकदा लुकलुकले. वीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. चोवीस वर्षं, आणि वीस सेकंद!

दोनला नरेश उतरला, जेवणाचा डबा हलवत, शिट्टी वाजवत. मी संडासात जाऊन रडले.

आता म्हातारी खरंच ठीक आहे. कोणाला काही झालं नाही. चोवीस वर्षांत वर कोणी मेलं नाही, नशीब म्हणायचं. मग सांगायचं कशाला? मॅनेजर साहेब चौकशी बसवतील. नोकरीची सात-आठ वर्षं राहिली आहेत. आणि ते सगळे — देखते हैं कितने दिन टिकती है म्हणणारे — रिटायर झाले असले तरी त्यांचे कान जिवंत आहेत. म्हणतील, पाहा, आम्ही सांगत होतो. एकट्या माझ्याबद्दल म्हणणार नाहीत. आपल्या सगळ्यांबद्दल म्हणतील. विहारात आईसमोर म्हणतील.

नाही सांगत.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

मोनालीचा मेसेज. "मॅडम, कंपनीने मला काढलं. सर म्हणाले तुझ्यामुळे नाव खराब झालं. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे की माझी मिस्टेक काय होती. मेमरीची कॉपी अजून आहे माझ्याकडे, रोज बघते. तुम्ही मदत कराल का? प्लीज."

कॉपी. तिच्याकडे कॉपी आहे! खुंटीसकट. आज ना उद्या ती त्या जागेवर येणार. मन लावून बघणारी पोर आहे. मग म्हणेल, आता म्हातारीत काय आहे ते बघू. दोन्ही शेजारी ठेवले की एकच आकडा वेगळा निघेल, आणि तो वेगळा कोणी केला हे विचारायला कुणाला वही लागणार नाही.

दुपारी भय्याजींना फोन केला. दुर्गला मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं. ओरडून सांगावं लागलं आणि केबिनबाहेर माणसं! ते म्हणाले, "मी समजलो तू येऊन उपटशीन. तू समजली मी उपटली. झालं ते झालं, कांता. आता काय उकरून काढून राहिली? माहं वय पाहय." मग एकदम म्हणाले, "माहं नाव नको सांगू."

मेसेजला उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असतील.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन वाजला की आधी नाव पाहते, मगच उचलते. आज सिव्हिक सेंटरला बँकेत गेले होते, मागून कोणीतरी "मॅडम" म्हटलं, हातातलं पासबुक पडलं. वॉचमन होता. पेन विसरले होते मी.

२५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं, खुंट्या किती. म्हातारीने छापलं — दहा.

वही उघडी. पेन हातात. दहा लिहिलं तर विचारतील, अकरावी कुठे गेली? कोण विचारणार, ही वही माझ्याशिवाय कोणी पाहत नाही. तरी हात पुढे गेला नाही.

अकरा लिहिलं. सही केली.

चोवीस वर्षं मी खोटी सही केली, पण ते मला माहीत नव्हतं. आजची माहीत असून केली. पहिली भीती बरी होती, ती नरेशसाठी होती. ही माझ्यासाठी आहे. हिची किळस येते.

२६ फेब्रुवारी, रविवार

नरेशला सांगितलं. आई आणि अनुजा वंदनेला विहारात गेल्या होत्या. तो ओट्यावर मटार सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं, खुंटी, वही, कालची सही. म्हटलं, तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं रे?

तो सोलतच राहिला. म्हणाला, "मले माहीत हाये, ताई. माह्या लग्नाआधी मले टायफॉइड झाला म्हून आठ दिवस दवाखान्यात होतो, आठवते? थो टायफॉइड नोहता. वर गॅस आला. भोंगा वाजलाच नाई. पोट्ट्यायनं पाय धरून खाली ओढलं मले. तवापासून आमी वर दोघं-दोघं जातो, एकमेकाच्या तोंडाकडे पाहत. भोंग्याच्या भरवशावर कोणीच नाई."

एकोणीस वर्षं! कावून नाही सांगितलं, एवढंच विचारलं.

"तुह्या हातचा भोंगा होता ना. मीच सगळ्यायले म्हटलं, बोलू नका."

मॅनेजर साहेबांना एक पत्र, मोनालीच्या कंपनीला एक. दोन्ही आजच लिहिते आहे.